उदबत्तीच्या पुड्यातली एक

देवाला सगळं दिसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यावर माझा खरोखर विश्वास असता, तर मी त्याच्याच देव्हाऱ्यात सिगारेट लपवली असती का?

झालं असं, की छातीत स्प्रिंग बसवून घरी निघालो तेव्हा डॉक्टरांनी हिच्यासमोरच सांगितलं, आता एकही नाही. ओढलीत तर पुढच्या वेळी वाचवता येईलच असं नाही. नाशिक रोडला आमच्या कॉलनीतल्या दत्तासमोर हात जोडून मी सिगारेट सोडली. सोडली म्हणजे, एक सोडून बाकीच्या सगळ्या सोडल्या. ती एक आपली असू दे म्हणून ठेवली. हिने माझे बूट, स्कूटरची डिकी, सगळं धुंडाळलं होतं. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या राखीव पुड्यात कशाला बघेल? स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश, की त्या दिवशी तलफसुद्धा आली नाही.

नंतर मात्र ती यायची आणि मुक्कामच ठोकायची. बडीशेप चावून जबडा दुखला, गच्चीवर फेऱ्या मारून झाल्या. शेजारी मिरचीची फोडणी पडली तरी मी खिडकीतून धूर हुंगत उभा. एका गुरुवारी दुपारपासून ती काही केल्या हटेना. शेवटी ठरवलं, संध्याकाळची आरती झाली की पुड्यातली ती ओढायची. नुसती एक. हे ‘नुसती एक’ मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, ते दत्तालाच ठाऊक.

आमच्या देवळात दर गुरुवारी एकेका घराकडे आरतीचं सामान असतं. तो गुरुवार आमचा होता, हे मला माहीत होतं. हिने ताटात कोणता पुडा ठेवलाय, ते माहीत नव्हतं.

मी झांजा घेऊन उभा राहिलो. धोतर नेसलेले, जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक अनोळखी बाबा पुढे आले. सायखेड्याहून लेकीकडे आलोय, एवढं सांगून त्यांनी हिच्याकडून ताट मागून घेतलं. आरती सुरू झाली. बाबांनी पुड्यातून हाताला लागल्या तेवढ्या काड्या काढल्या, निरांजनावर बराच वेळ धरल्या आणि केळ्यात खोचायला लागले. एक काही शिरेना. त्यांनी बोटाने केळ्याला भोक पाडलं आणि ती नीट बसवली.

पांढरी. टोकाला लाल.

हातातल्या झांजा वाजत राहिल्या, आतून मी थांबलो. आरती मध्येच तोडता येत नाही. पादुकांसमोर माझी सिगारेट शांतपणे जळत होती आणि धूर सरळ दत्ताच्या मुखाकडे चालला होता. बाकीच्यांनी वास बाहेरच्या टपरीच्या माथी मारला; कुणीतरी उठून खिडकीही लावली. हिने मात्र केळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ज्या ओठांसाठी ती जपून ठेवली होती, ते ओठ दत्ताचंच नाव घेत होते. राख लांबत गेली, वाकली आणि पादुकांवर पडली.

“लय जाड काडी व्हती, पण धरली शेवटी,” त्याच केळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत बाबा म्हणाले. “घ्या, परसाद हाय.”

मी हिच्याकडे बघितलं.

“खा,” ही म्हणाली. “प्रसाद टाकायचा नसतो.”

खाल्ला. कडू, जळका, घशाखाली उतरेना. डोळ्यांतून पाणी आलं, ते लोकांना भक्तीचं वाटलं. घरी येताना ही फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, “देवाला वाहिली ना? मग आता परत मागायची नाही.” तिचा आवाज कापत होता. इस्पितळातून आल्यापासून ही माझ्या छातीवर हात ठेवून का झोपते, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या गुरुवारी बाबांची चौकशी केली. ते कुणाचे वडील, हे कुणालाच सांगता आलं नाही. कॉलनी मोठी आहे. मी त्यावरून काही सिद्ध करत नाही. तलफ अजून येते. आली की मी म्हणतो, दत्ता, ती तुझ्याकडे आहे. मला सोडता आली नव्हती, तू माझ्या हातून काढून घेतलीस. एवढं म्हटलं की जरा वेळाने ती आपली निघून जाते.

केळं मात्र मी अजूनही खात नाही. प्रसादाचं सोडून.