एफीची राखण

बेटावरच्या त्या गावात सगळ्यांत शेवटी पुरलेलं माणूस कबरस्तानाच्या फाटकावर राखण करतं, पुढची मयत येऊन त्याला सोडवेपर्यंत. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की खांदेकरी शवपेट्या घेऊन पळत सुटायचे, वाटेत गुद्दागुद्दी करायचे. टॉर्किलने तीस वर्षं तिथे कबरी खणल्या आणि असल्याच एका शर्यतीत पुढचे दोन दात गमावले.

त्याची बायको एफी गेली तेव्हा शर्यत नव्हती. आठवडा-पंधरा दिवसांत कोणीतरी येईलच, असं तो धरून चालला. पण बेटाच्या जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या प्याऱ्या. चराईला रान मोकळं करायला त्याने घरांची छपरं जाळली, माणसं कॅनडाच्या जहाजांवर चढली, आणि मरायची तीही तिकडेच. तीन वर्षं झाली. टॉर्किल फाटकाशी गेला की आतून येरझाऱ्या ऐकू यायच्या. एफी डाव्या पायाने लंगडायची. तीच पावलं, दिवसेंदिवस जड होत चाललेली.

शेवटचं जहाज आलं तेव्हा गावात तिघंच उरली होती. टॉर्किल, ऐंशीची मोराग आणि तिचा मुलगा लाखलन.

"चार दिवस रोज माझी तब्येत विचारायला येतोयस," मोराग म्हणाली. "लबाडा, फावडं बाहेर टेकवून आलायस ना?"

टॉर्किलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू इथे गेली असतीस तर एफी सुटली असती गं. देवा, क्षमा कर."

"आणि मला कोण सोडवणार? उभी राहू जगबुडीपर्यंत? नको रे बाबा! चल आमच्याबरोबर."

"व्हा पुढे. तिचा निरोप घेऊन आलोच."

पण फाटकाशी निरोपाचा शब्द त्याच्या तोंडून फुटेना. तो आत गेला. "एफी, दमलीस. जा, नीज आता. मी उभा राहतो."

पावलं थांबली. मग लंगडत लंगडत तिच्या कबरीकडे गेली आणि गप्प झाली. टॉर्किल ढसाढसा रडला. इतकं हलकं त्याला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

"टॉर्किलकाका!" लाखलन धापा टाकत चढण चढून आला. "अहो काका, जहाज सुटतंय! कुठे आहात?"

"हा काय, इथेच," टॉर्किल म्हणाला.

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. लाखलनने सगळ्या कबरींवरून नजर फिरवली, भिंतीमागे वाकून पाहिलं, पुन्हा हाका मारल्या. टॉर्किलने त्याचा दंड घट्ट धरला. लाखलन शहारला आणि कोट आवळून घेत, फाटक लावून उताराला लागला.