दाजींच्या मशीनचा दुपारचा ताप

निदान करण्याच्या बाबतीत माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही. डॉक्टरला एका रोग्यात एक रोग सापडतो. यांना एकाच यंत्रात रोज नवा रोग सापडतो, आणि कालचा खोटा ठरला याचं त्यांना काडीचंही दुःख नसतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, हे यजमान. आम्ही दोघंही त्यांना दाजी म्हणतो. मी जेवायला बसलो आणि पहिला घास तोंडाशी नेला की फोन वाजणार आणि पलीकडून अहिराणीत आरोळी येणार, "आत्ते सापडनं, साडूभाऊ!" मग माझी भाजी निवते आणि त्यांचं व्याख्यान तापत जातं.

सुरतेच्याच उधन्यातल्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, दाजींनी उमेदीची वर्षं काढली. खातं बंद पडलं, तेव्हा दुसरा कोणी गुमान शेजारच्या खात्यात गेला असता. दाजींनी काय करावं? एका बुडालेल्या गेमिंग कॅफेतली जुनी ग्राफिक्स कार्डं उचलली, लोखंडी मांडणीवर ओळीनं बसवली आणि गोडादऱ्यातल्या घराच्या आतल्या खोलीत क्रिप्टोचं मायनिंग सुरू केलं. मला त्यांनी ते असं समजावलं, "कार्डले गणितं देवानं. ते रातदिन सोडावस. गणित सुटनं का नाणं पडस." नाणं कुठं पडतं म्हणाल तर इंटरनेटवर. मी कोपऱ्यात वाकून बघितलं होतं, म्हणून सांगतो.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र ती नव्हती. गावाकडून दाजींचा थोरला भाऊ सारखा फोन करायचा, "ये परत, आपलंच घर आहे." भावाच्या मनात वाईट नव्हतं. पण रिकाम्या हातानं जाऊन त्याच्या ओट्यावर बसायचं, या नुसत्या विचारानं दाजींची भाकरी ताटात राहायची. शेवटी आक्कानं निकाल दिला. आखाजीपर्यंत, म्हणजे आम्हा खानदेशी माणसांच्या अक्षय तृतीयेपर्यंत, मशीन धड चाललं तर सुरतेतच राहायचं. नाहीतर सामान बांधायचं. सुरत तिलाही सोडवत नव्हती, असं आमची ही म्हणाली.

आणि नेमका उन्हाळा लागताच मशीननं नखरे सुरू केले. सकाळी गणितं सुटण्याचा वेग झक्कास. दुपार झाली की तो असा पडायचा की कार्डं पेंगताहेत असं वाटावं. संध्याकाळी पुन्हा सगळं ताळ्यावर. दाजी कामाला लागले. आधी दोष ड्रायव्हरचा होता. मी विचारलं, कोणाचा ड्रायव्हर? तर ते म्हणे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर असतं. ते काढून जुनं घातलं. मग दोष विजेचा निघाला, कारण दुपारी साऱ्या गोडादऱ्याचे लूम धडधडतात आणि व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर आला. मग वायरी बदलल्या. मग हवेतल्या सुताच्या तुसावर संशय गेला, तेव्हा आक्काची मेंदीची पिचकारी धुऊन तिच्यातून कार्डांवर हवेच्या फुंका मारल्या. मग प्रत्येक कार्ड उघडून त्याच्या छातीवर थर्मल पेस्ट लावली, सर्दी झालेल्या लेकराला बाम चोळावा तशी. रशियापासून व्हिएतनामपर्यंतच्या लोकांना त्यांनी ग्रुपवर फोटो टाकून सल्ले विचारले. प्रत्येक सल्ल्याबरोबर माझा एक घास वाया गेला. वेग दुपारी पडायचा तो पडतच राहिला.

दाजींचा एकच नेम मोडत नसे: दुपारची झोप. लूमच्या खडखडाटात लागलेली सवय, कानात कापूस घालून बाहेरच्या खोलीत आडवे झाले की भूकंप झाला तरी उठायचे नाहीत. उठून, चहा पिऊन आत जाईपर्यंत ऊन कललेलं असायचं; दुपारी वेग किती पडला ते मशीनच्या नोंदीतच बघायचं.

आखाजी आठवड्यावर आली, तेव्हा मात्र त्यांनी झोपही सोडली. मला सुट्टी होती, म्हणून मी धीर द्यायला गेलो. दाजी जमिनीवर मांडी घालून एका कार्डाचा पंखा सोडवत होते. आक्का स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं हातावर घेऊन उभी, आणि दर थोड्या वेळानं विचारतेय, "आज झोपत नाही का तुम्ही?"

"झोप कसनी लागई?" दाजी म्हणाले. मग त्यांनी पंख्याच्या पात्यातून चिमटीनं काहीतरी काढलं. पांढुरका, पातळ तुकडा, त्यावर तीळ. त्यांनी तो उजेडात धरला, हुंगला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तोंडात टाकला.

"अहो, दाजी!"

ते चावत राहिले. चेहरा पालटत गेला. ज्वारीची बिबडी होती ती, आमचा खानदेशी पापड, आक्काच्या हातचा.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. घरमालकानं यंदा गच्चीला कुलूप घातलं होतं. ओल्या फडक्यावर थापलेल्या बिबड्या वाळवायला ऊनच नाही. मशीनच्या मागून मात्र फुकटची गरम झळ येते. दाजी झोपले की आक्का मशीनमागं दोरी बांधून फडकी टांगायची; धगीला वाटच उरायची नाही, ती उलटून कार्डांवर यायची, आणि कार्डं जीव वाचवायला वेग कमी करायची. दाजी उठायच्या आत दोरी, फडकी, सगळं गायब.

"धग वायाच जाते ना, म्हणून…" आक्कानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझ्यामुळंच गावाला जायची वेळ आली की हो! पण तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का?"

आता भडका उडणार म्हणून मी चप्पल शोधू लागलो. दाजींनी तोंडातला तुकडा गिळला. सगळ्या जगाला विचारून झालं होतं, घरातल्या बाईला विचारायचं राहिलं होतं. मग हळूच म्हणाले, "मीठ बराबर शे." आणि लगेच शेजारपाजारची दारं उघडतील अशा आवाजात, "आत्ते सापडनं!"

दाजींनी भंगारातून जुन्या खात्याचा एक्झॉस्ट पंखा आणून खिडकीत बसवला. धग बाहेरच्या गॅलरीत जाऊ लागली आणि दोरीही तिकडंच गेली. कार्डं दुपारीही पळू लागली, बिबड्या कडकडीत वाळू लागल्या. शेजारची गुजराती बाई डोकावून म्हणाली, "भाभी, अमारा पापड पण मूकजो ने!" म्हणजे आमचेही पापड ठेवा. तिच्यामागून गल्ली आली. आखाजीला भावाचा फोन आला, तेव्हा दाजी ताठ मानेनं म्हणाले, "येस ना दादा, पन पाव्हना म्हनीसन. बिबड्या लई येस."

नाण्यांचा भरवसा नाही. कधी पडतात, कधी नुसती धगच. कार्डंही आता म्हातारी झाली आहेत. पण सामान बांधायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, आणि दाजी दुपारी झोपायचं सोडून बिबड्या उलटतात.

फक्त जेवताना माझा फोन वाजत नाही. परवा न राहवून मीच केला. म्हटलं, "दाजी, हल्ली काही सापडत नाही का?"

"सापडस ना," दाजी म्हणाले. "पन आत्ते पयले तुमनी आक्काले सांगस."

मी फोन ठेवला आणि ताटावर बसलो. भाजी गरम होती, घास निवांत जात होते. पण खरं सांगतो, जेवण काही रंगलं नाही.