हळद, साबण आणि माझी बी.एस्सी.

माझी बहीण सुजाता पांढऱ्या साडीत लग्न करणार होती आणि मी जीवशास्त्राचा मास्तर होतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब राहिल्या असत्या, तर काहीच घडलं नसतं.

त्या वर्षी धाराशिवच्या आमच्या कॉलेजातले रसायनाचे सर रजेवर गेले आणि 'जीवशास्त्राच्या पोरांपुरतं रसायन' माझ्या गळ्यात पडलं. आम्ल, आम्लारी, सामू, दर्शक. पोरांना किती कळलं कोण जाणे, मला मात्र ते चांगलंच चढलं! (आईच्या आमटीत मी सामू मोजायची पट्टी बुडवली. तिनं पळी उगारली. प्रयोग तिथंच संपला.)

लग्न बेंबळीला, घरापुढच्या मांडवात. सकाळी हळद, दुपारी बुद्धवंदना आणि लग्न. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात, म्हणून आईनं बाजार पालथा घालून ती साडी आणली होती. हळद लावून झाल्यावर आत्यानं शेजारणींना दाखवायला ती उचलली. "बघा की, कशी दुधावानी हाय!" साडी खाली ठेवली तेव्हा पदरावर आत्याचा अख्खा पंजा उमटला होता. पिवळाधमक.

"आता म्या काय नेसू?" सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. आई मटकन खाली बसली. परंड्याहून वऱ्हाड कधीच निघालं होतं.

आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला.

"सरका सगळे," मी म्हणालो. "साधं रसायन आहे." साबणाची वडी घेतली, नळाखाली पदर धरला आणि डाग खसाखसा चोळला. पंजा लालभडक झाला! (हेच मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. डोक्याला आठवत होतं, हातांना कुणी सांगितलं नव्हतं.)

"रगात!" आत्या ओरडली.

"रगात न्हाय, आत्या. हळद म्हणजे दर्शक. साबण आम्लारी, म्हणून लाल. आता गंमत बघा." मी लिंबू पिळलं. लाल पंजा पुन्हा पिवळा! शेजारचे तात्या म्हणाले, "मास्तर, परत करा की. मोबाईल काढतो."

इथंच मी घसरलो. वर्गात मला असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. साबण लावला, लाल. लिंबू पिळलं, पिवळं. "मागं दिसलं न्हाय," कुणीतरी म्हणालं. पुन्हा लाल, पुन्हा पिवळं! मांडववाले दोर सोडून बघायला आले.

"दादा," सुजाता दातओठ खात म्हणाली, "डाग वाढायलाय."

खरंच वाढत होता. दर धुण्याला हळद कोऱ्या कापडात पसरत होती. (याला विसरण म्हणतात. तो धडा पुढचा होता.) पंजाएवढा डाग आता परातीएवढा झाला होता.

तेवढ्यात वऱ्हाडाची जीप आली. "यांना काय सांगू रं आता?" आई म्हणाली. तीच साडी घाईघाईनं नेसून, ओला पदर तसाच खांद्यावर टाकून सुजाता दारात उभी राहिली. जीपमधून नवरदेव उतरला, भर उन्हात अंगावर शाल घेऊन. उतरताना शाल घसरली. पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर भलामोठा लाल डाग! शेजारी त्याचा थोरला भाऊ मान खाली घालून उभा.

"साबण लावला?" मी त्या भावाला विचारलं.

"व्हय. तुमी कसं वळखलं?"

"शिक्षण काय झालंय तुमचं?"

"बी.एस्सी."

मी त्याला तिथंच मिठी मारली.

सुजातानं नवऱ्याचा खांदा पाहिला, आपला पदर पाहिला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "दादा, लिंबू आण. त्यांचं बी पिवळं कर. निदान जोडी तरी जुळंल."

मी सगळ्या मांडवासमोर नवरदेवाच्या खांद्यावर लिंबू पिळलं. डाग पिवळा झाला, टाळ्या पडल्या आणि लग्न लागलं. परंड्याच्या एका पाहुणीनं तर तसली साडी कुठल्या दुकानात मिळते, म्हणून आईला विचारलं.

तेव्हापासून दोन्ही घरच्या हळदीला आम्हा दोघा बी.एस्सी.वाल्यांना अगत्यानं बोलावतात. बसायला मानाच्या खुर्च्याही देतात. मांडवाच्या पार त्या टोकाला, नळापासून सगळ्यात लांब.