जावयाचा घोटा

शालिग्राम अप्पा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचे आणि पाळी संपली की निळ्या-जांभळ्या हातांनी थेट उधन्याच्या कॉलेजचं मैदान गाठायचे. तिथल्या कबड्डी संघाचे ते बिनपगारी प्रशिक्षक. मिळायचा तो चहा, तोही त्यांनीच मागवलेला. रुबाब मात्र असा, की कॉलेज जणू त्यांनीच बांधलंय.

यंदा संघाला एकच रोग जडला होता: चढाईला गेलेला गडी परत येत नसे. दुबळ्या संघांपुढे ही मंडळी वाघ. पण समोर दणकट पकडवाले दिसले की सासरी गेलेल्या लेकीसारखी तिकडचीच होऊन जात. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, "काका, पलसाण्याच्या संघाशी हरलात तर कबड्डी बंद. त्या जागेत पार्किंग करायचंय."

अप्पा निर्धास्त होते. त्यांच्याकडे चढाईला कुंदन होता. दिवाळीनंतर अप्पांनी आपल्या योगिताशी त्याचा साखरपुडा केला, आणि तेव्हापासून पोरगा असा खुलला की सरावात कुणाच्या हाती लागेना. अप्पांचा मुलगा भाईदास, संघातला सर्वांत आडदांड पकडवाला, तोसुद्धा नुसता हवेत हात मारत राही. "लेकीचा पायगुण," अप्पा चहावाल्याला सांगत.

पलसाण्याच्या कोपऱ्यातल्या गड्याला हा पायगुण ठाऊक नव्हता. पहिल्याच चढाईत त्याने कुंदनचा घोटा धरला. कुंदन झटापट करायची सोडून आपल्याच पायाकडे बघत राहिला. पुढच्या चढाईत तेच, त्याच्या पुढच्या चढाईतही तेच. बाकीचे तर मध्यरेषा ओलांडायलाच कचरू लागले. मध्यंतरापर्यंत सामना हातचा गेला होता.

"अरे, घोटा धरला की झटका द्यायचा," अप्पा म्हणाले. "सरावात भाईदासकडून सुटतोस तसा."

"मामा," कुंदन खाली मान घालून म्हणाला, "भाईदास घोटा धरतच नाही."

अप्पांनी मुलाकडे पाहिलं.

"जावई आहेत ते, अप्पा," भाईदास म्हणाला. "ज्या पायाला हात लावून नमस्कार करायचा, तो ओढून त्यांना मातीत पाडू?"

"आणि तुम्ही बाकीचे?"

"योगिता गल्लीतली, म्हणजे आमचीबी बहीणच," ललित म्हणाला. पकडवाल्यांची अख्खी साखळी मेव्हण्यांची निघाली. "तुम्हीच साखरपुड्यात बजावलं होतं, पाहुण्याचा मान राखा."

बजावलं होतं खरं. चांगलं माइकवरून. आता काय शिकवणार? घोटा सोडवायची सवय पाण्याच्या घोटाबरोबर पोटात जात नाही. उत्तरार्धात कुंदन जीव तोडून गेला आणि प्रत्येक वेळी मातीत गेला. अप्पांना आपल्या जावयाची इतकी दया कधी आली नव्हती, आणि स्वतःची इतकी चीड.

सोमवारी मैदानावर चुन्याने गाड्यांच्या रांगा आखल्या गेल्या.

पाळी संपल्यावर अप्पा मिलच्या फाटकाशी थोडा वेळ घुटमळले. मग घरी गेले. त्या वेळी नवरा घरात दिसायची उषाबाईंना सवय नव्हती. त्यांनी कणकेचा हात पुसत विचारलं, "आज लवकर घरी उनात? तब्येत बरी शे ना?"

"बरी शे," अप्पा म्हणाले, आणि बसायचं कुठे ते न सुचून दारातच उभे राहिले.