सात सुंबे आणि एक दस्ता

माझ्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांचे सात सुंबे कचऱ्यात टाकले. त्याचं उट्टं काढायला मला तीन वर्षं लागली, पण मी ते काढलं. माझ्या स्वभावात विसरणं नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्याची मला फारशी लाजही वाटत नाही.

वडील कोल्हापूरला बंदुका दुरुस्त करायचे. परवानेवाल्या शेतकऱ्यांच्या बाराबोअर, कुणा इनामदाराची कधीच न उडालेली दुनळी, असली कामं. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मला उठून बाहेर पायरीवर बसावं लागे. बंदुकीचे भाग एकमेकांना धरून ठेवतात त्या बारीक खिळी. त्या ठोकून बाहेर काढायला सुंबा लागतो, ज्याला आता सगळे पंच म्हणतात. बोटाएवढी दांडी, टोक बारीक, बस. पण वडिलांच्या लेखी अर्धी विद्या त्या सुंब्याच्या निवडीतच होती. सुंबा खिळीपेक्षा केसभर बारीक हवा. जाड असला तर भोक फाडतो, फारच बारीक असला तर खिळीच्या पोटात घुसतो. टोक सपाट हवं. खिळीचं डोकं गोल असेल तर मात्र टोकाला वाटीसारखा खळगा हवा. खीळ पितळी तर सुंबाही पितळी. सुरुवातीला आखूड, खीळ हलली की लांब. आणि हातोडी हलकी. "जोर हातात नसतो, मापात असतो," असं ते म्हणायचे आणि माझ्या हातातला चुकीचा सुंबा काढून घ्यायचे.

त्यांनी सात सुंबे स्वतः घडवले होते, पाच जुन्या ट्रकच्या व्हॉल्व्हच्या दांड्यांपासून आणि दोन पितळेचे. पोलादी पाचांवर त्यांनी बंदुकीच्या नळीसारखाच तपकिरी रंग चढवला होता. हा रंग म्हणजे मुद्दाम आणलेला गंज. मिठाचं पाणी लावायचं, गंज येऊ द्यायचा, सुटा गंज ब्रशनं घासायचा, पुन्हा लावायचं. आठवडाभर हे चाले. शेवटी तेल दिलं की लोखंड मऊ तपकिरी दिसे आणि पुढची वीस वर्षं खऱ्या गंजाची भीती नाही.

मी पुण्यात जपानी शिकले, कंपनीच्या कामानं तिथे आलेल्या एका जपानी इंजिनियरशी लग्न केलं आणि योकोहामाला त्याच्या आईवडिलांच्या घरात राहायला गेले. दुसऱ्या वर्षी वडील गेले. मी कोल्हापूरहून परत येताना खाकी कापडाच्या गुंडाळीत बांधलेले ते सात सुंबे घेऊन आले. मला बाकी काही नकोच होतं. घर लहान म्हणून ती गुंडाळी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत, बागेच्या कात्रीशेजारी ठेवली.

जपानात वर्ष संपताना घर धुऊन काढतात. त्या डिसेंबरात सासऱ्यांनी अंगणातली खोली आवरायला घेतली. मी त्या दिवशी मुलांच्या शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवायच्या अर्धवेळ कामावर होते. परत आले तर खोली लख्ख, आणि कात्रीशेजारची जागा रिकामी.

"ओतोसान," मी विचारलं; सासऱ्यांना मी असंच, म्हणजे बाबा म्हणते. "इथे एक खाकी गुंडाळी होती."

"हो. गंजलेलं लोखंड होतं," सासरे म्हणाले. "न जळणाऱ्या कचऱ्यात दिलं. आजच त्याचा वार होता."

त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी धावत कोपऱ्यावर गेले. कचऱ्याची जागा धुऊन, जाळी घडी घालून ठेवलेली होती. परत येऊन मी त्यांना सांगितलं की ती माझ्या वडिलांची हत्यारं होती. ते म्हणाले, "असं होय," आणि पुन्हा फडकं पिळायला लागले.

एवढंच. तळपायाची आग मस्तकात गेली ती याच्यासाठी. या देशात माणसं फोनवर बोलतानाही कमरेत वाकतात. माझे सासरे बसच्या ड्रायव्हरची माफी मागायचे, सुट्टे पैसे काढायला वेळ लागला म्हणून. शेजारच्या मांजराच्या शेपटीवर चुकून पाय पडला तर मांजराची मागायचे. मला मात्र एक "सुमिमासेन" मिळालं नाही. नवरा म्हणाला, "ते तसेच आहेत, सोडून दे." मी नवऱ्याला सोडून दिलं, म्हणजे त्याच्याशी त्या विषयावर बोलणं सोडलं.

आणि मला खरं झोंबलं ते पुढेच होतं. सासऱ्यांकडे एक तोड्याची बंदूक होती, पेटत्या दोरीनं उडते तसली, त्यांच्या पणजोबांच्याही आधीची. असल्या बंदुकांची जुनी कलावस्तू म्हणून सरकारदरबारी नोंद असते, आणि नोंदीचं कार्ड त्यांनी देवघरातल्या वस्तूसारखं जपलेलं. तासाभरावर एक किल्ल्याचं गाव आहे, तिथल्या उत्सवात म्हातारे लोक चिलखतं चढवून अशा बंदुकांचे नुसत्या दारूचे बार काढतात. सासरे त्या तुकडीत होते. घरी आलेल्या प्रत्येकाला ते बंदूक दाखवत आणि नळीवर बोट फिरवत म्हणत, "हा रंग बघा. हा गंज जपावा लागतो."

तोच रंग! त्यांच्या नळीवर तो सौंदर्य, माझ्या बापाच्या सुंब्यांवर तो कचरा. मी पाहुण्यांपुढे चहा ठेवायचे, दात आवळून हसायचे, आणि मनात या माणसाला म्हातारा म्हणायचे, तेही एकेरीत. त्याच दिवसांत कधीतरी मी ठरवलं की याचंही एक जिवापाड जपलेलं काहीतरी याच्या डोळ्यांदेखत जायला हवं.

काळ्या दारूचा बार काढला की नळी लगेच गरम पाण्यानं धुवावी लागते, नाहीतर दारूची राख लोखंड खाते. त्यासाठी नळी लाकडी दस्त्यातून सुटी करायची, आणि ती तीन पितळी खिळींनी धरलेली. सासरे या खिळी कशानं काढायचे? सुताराच्या खिळे दाबायच्या पोलादी दांडीनं. पितळेवर पोलाद! शिवाय टोक निमुळतं, घसरणारं. दर वेळी खिळीचं डोकं थोडं चेपे, भोकाभोवतीच्या फुलासारख्या पितळी चकतीवर एक नवा ओरखडा उठे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. एक वाक्य बोलले असते तर बंदूक वाचली असती. मी तीन वर्षं ब्र काढला नाही. कांदा चिरता चिरता एकेक ओरखडा मोजायचे आणि मला बरं वाटायचं.

त्याच काळात मी स्वतःचे सुंबे बनवायला घेतले. नव्या वस्तीत घरदुरुस्तीच्या सामानाचं एक अवाढव्य दुकान उघडलं होतं. तिथून पोलादाच्या आणि पितळेच्या दांड्या, कानस, दांडी घट्ट धरायला एक लहान व्हाइस असं एकेक आणलं. सासरे सकाळी फिरायला गेले की मागच्या ओट्यावर कानस चाले. माप माझ्या बोटांत होतं. सपाट टोक, खळग्याचं टोक, आखूड, लांब, असे सातच केले. रंग मात्र चढवला नाही. तो चढवायची हिंमत झाली नाही, की मन झालं नाही, मला आजही सांगता येत नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "छंद." या देशात छंद म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

तिसऱ्या वर्षीच्या शरदातल्या उत्सवानंतर सासरे तुकडीतल्या दोन मित्रांना घेऊन दुपारीच घरी आले. व्हरांड्यात कागद पसरले, गरम पाण्याची किटली आली, आणि बंदूक उघडायला घेतली. पहिली खीळ निघाली, तिसरी निघाली. मधली हलेना. ती नवी होती. जुनी झिजली म्हणून महिन्यापूर्वीच किल्ल्याच्या गावातल्या कारागिराकडून बसवून आणलेली. सासरे ठोकत होते, दांडी घसरत होती. मित्र जिभा चुकचुकत होते. पाणी निवत होतं आणि आत राख लोखंड खात होती.

शेवटी सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तुझे वडील हे काम करायचे ना?"

तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या वडिलांचा विषय त्या तोंडातून निघाला. मी हात पुसून बाहेर गेले, बंदूक न उचलता खाली वाकून पाहिली. एका नजरेत कळलं. या खिळी एका बाजूला किंचित निमुळत्या असतात. बारीक टोकाकडून ठोकायचं, म्हणजे खीळ जाड बाजूनं बाहेर पडते. जुन्या दोन्ही खिळींचं बारीक टोक चापाच्या, म्हणजे उजव्या बाजूला होतं. नवी खीळ कारागिरानं उलटी बसवली होती. सासरे सवयीनं चापाच्या बाजूनं ठोकत होते आणि दर ठोक्याला ती आणखी घट्ट आवळत होते. बंदूक नुसती उलटवायची, की काम झालं.

मी उठले, आतून माझे सुंबे आणले, आणि शांतपणे म्हणाले, "ओतोसान, तुमचं हत्यार चुकीचं आहे."

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरा. ते सांगताना मला किती गोड वाटलं ते लिहायला नको, पण लिहिते: फार गोड वाटलं. मी सातही सुंबे कापडावर मांडले आणि त्यांना निवडायला लावलं. त्यांनी पोलादी उचलला. "पितळेवर पितळ." त्यांनी लांब उचलला. "आधी आखूड." त्यांनी सपाट उचलला. "डोकं गोल आहे. वाटीचा घ्या." त्यांच्या मित्रांसमोर मी त्यांना वडिलांच्या दुकानातल्या नव्या उमेदवारासारखं दटावत होते, आणि ते "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत होते. खाली लाकडाचा ठोकळा ठेवायला लावला. दस्ता नीट टेकवायला लावला.

"बाजू हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हीच," मी म्हटलं.

त्यांच्या घसरणाऱ्या दांडीनं इतका वेळ निम्मा जोर वाया घालवला होता, म्हणून दस्ता टिकला होता. माझा सुंबा घसरला नाही. पहिला ठोका पुरा खिळीत गेला. दुसराही. "अजून थोडा जोर," मी म्हटलं. तिसऱ्याला लाकूड बोललं. भोकापासून वीतभर लांब चीर गेली, नळीला समांतर, सरळ.

सासऱ्यांनी हातोडी कागदावर ठेवली. एका मित्रानं चष्मा वर करून खीळ निरखली, बंदूक उलटून पाहिली. "अरे, ही उलटी बसवली आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कळणार. त्यांना कळावं, हेच मला हवं होतं. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं: गंजलेलं लाकूड होतं, ओतोसान.

पण सासरे त्याला म्हणाले, "हिला कसं माहीत असणार? नवी खीळ मी बसवून आणली, बघून मी घ्यायला हवी होती." मग ते माझ्याकडे वळले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून खाली वाकले. पांढरे केस कागदाला लागले. "हत्यार इतकं चांगलं होतं. वडिलांनी शिकवलेली विद्या तू मनापासून दिलीस आणि माझ्या निष्काळजीपणानं तिला कमीपणा आला. माफ कर."

ज्याच्यासाठी तीन वर्षं थांबले होते ते मिळालं, पण भलत्याच गोष्टीसाठी. सुंब्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. त्यांना ते आठवतही नव्हतं, हे त्या क्षणी मला कळलं. बंदूकवाल्याची मुलगी खिळीची बाजू चुकीची सांगेल, ही शंकाच त्या माणसाच्या मनाला शिवली नाही. माझं तयार वाक्य आता निरुपयोगी होतं. मी बंदूक उलटवली, आखूड सुंबा लावला आणि दोन टिचक्यांत खीळ बाहेर काढली. म्हाताऱ्यांनी "ओऽ" केलं.

दस्ता सांधून आणला, पण चीर दिसते ती दिसतेच. त्यानंतर दर उत्सवाला खिळी काढायचं काम माझ्याकडे आलं. पाहुणे आले की सासरे अजून बंदूक काढतात. आधी नळीचा रंग दाखवतात. मग चिरेवर बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "हिचे वडील भारतातले नामांकित कारागीर होते. त्यांचं हत्यार अचूक होतं, ही चूक माझी." मला त्यांचा राग येतो, पूर्वीपेक्षा जास्त. सुंबे टाकले त्याचा राग निदान सांगता तरी येत होता.

मी चहा ठेवते. माझ्या बापानं उभ्या आयुष्यात कुणाचा दस्ता फोडला नव्हता. त्याच्या नावावरचा तो एकुलता एक दस्ता मी फोडला, त्याच्याच मापाच्या सुंब्यानं.