दाराजवळची खुर्ची

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. चार बहिणींत शेवटची, म्हणून धाकटी. लग्न झालं, लेक झाली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी धाकटीच. तिकडच्या, तिच्या गावच्या चर्चमध्ये पाळकसुद्धा तिचं खरं नाव विसरून "आता धाकट्या बाई प्रार्थना करतील" असं म्हणायचे. थोरल्या तिघी तिच्यावर दादागिरी करायच्या आणि ती जन्मभर कुरकुरत ती करून घ्यायची. या परक्या राज्यात आल्यावर तिला कळलं, की धाकटं असायला कुणीतरी मोठं जवळ असावं लागतं. इथे नवरा "अगं" म्हणायचा, लेक "मम्मी" म्हणायची आणि दुकानाचा मालक "ताई, एवढं आज हवंय" म्हणून पँटींचा ढीग पुढे सरकवायचा.

इथे येणं झालं ते एका रविवारी हात वर केल्यामुळे. तिकडच्या तरुण पाळकांनी उभं राहून सांगितलं, की शेजारच्या राज्यातल्या एका शहरात नवी मंडळी, म्हणजे नवं चर्च, सुरू करायची आहे, सोबत येणारी कुटुंबं हवीत. धाकटीचा नवरा वायरमन. मनाचा मोकळा, कामाला वाघ आणि विचार करण्याआधी हात वर करणारा. त्याने हात वर केला. बायकोकडे पाहिलंही, पण हात वर झाल्यावर. सगळे टाळ्या वाजवत होते, थोरल्या बहिणीने डोळ्यांना रुमाल लावला होता. अशा वेळी बायको मान हलवते, तशी तिने हलवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला जरा भारीही वाटलं. देवाच्या कामाला निघणं ही काय चेष्टा आहे? फक्त त्या कामात चादरी कुठे वाळत घालायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या दारात जाऊन टेकायचं, हे आधी कुणी सांगत नाही.

तीन कुटुंबं निघायची होती. एक सामान बांधता बांधताच थांबलं. उरलं पाळकांचं आणि वायरमनचं.

घर मिळालं तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची पाठ, पाइप आणि कुणाची तरी कायमची बंद खिडकी. भाषा तीच, पण हेल वेगळा, धाकटीने तोंड उघडलं की समोरचा विचारायचा, "तुम्ही कुठल्या?" मग ती तोंड कमी उघडायला लागली. काम मिळालं एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत. एक मशीन, एक दिवा आणि उसवलेले, फाटलेले, घट्ट झालेले कपडे. चेन बदलायची, अस्तर लावायचं, कंबर सैल करायची. माणसं पुढच्या काउंटरवर यायची, मागे फक्त कपडे यायचे. त्या शहरातल्या कितीतरी माणसांची पोटं सुटलेली धाकटीला ठाऊक होती. त्यातल्या एकाचाही चेहरा तिने पाहिला नव्हता.

चर्चला जागा मिळाली ती नाचाच्या क्लासची. एक लांब हॉल आणि समोरच्या पूर्ण भिंतीवर आरसा. रविवारी सकाळी वायरमन वायरी ओढायचा, लेक खुर्च्या मांडायची, पाळकीणबाई पेटीवर गाण्यांची तयारी करायच्या. पाळकांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. "आपण एकगठ्ठा बसायचं नाही. मीठ एका जागी राहिलं तर काय उपयोग? विखरून बसा. नवीन माणूस आला, तर त्याच्या शेजारी कुणीतरी असलं पाहिजे." दुसरा नियम असा, की नवीन माणसापुढे आपलं रडगाणं गायचं नाही, त्याला बोलतं करायचं. मनाने चांगला माणूस. तळमळ होती बिचाऱ्याची. त्यांनी वायरमनला पुढे डावीकडे स्पीकरजवळ बसवलं, लेकीला मध्ये खिडकीपाशी आणि धाकटीला अगदी मागे, दाराजवळच्या खुर्चीवर.

तर अशी ही तऱ्हा. आठवडाभर वायरमनच्या कामाच्या वेळा उलट्यासुलट्या, लेकीची शाळा, हिचं मशीन. तिघांनी मिळून बसायचा वार एकच, तोही विखरून टाकलेला. आरशात मात्र तिघं एकत्र दिसायची. पाळकांचा संदेश लांबला, की धाकटी आरशातल्या नवऱ्याकडे बघायची, आणि लेक आरशातूनच आईला जीभ दाखवायची.

"अहो, एक रविवार आपण शेजारी बसू या ना," ती एकदा म्हणाली.

"अगं, आपणच नियम मोडला तर कसं व्हायचं?"

"बघायला आलंय कोण?"

"तेच तर. आणि नेमकं त्याच दिवशी कुणी आलं म्हणजे?"

कपाळावर हात मारून ती भांडी घासायला गेली.

आणि एका गारठलेल्या रविवारी खरंच कुणीतरी आलं. करडा जाड कोट घातलेली एक वयस्कर बाई. ती काही देवाच्या शोधात आली नव्हती; बस चुकली होती, वारा बोचत होता आणि दार उघडं होतं. ती धाकटीशेजारी बसली. गाणी संपल्यावर तिने हळूच विचारलं, "एकटीच का गं?"

"तुम्ही नीट बसा ना. बाहेर फार थंडी आहे," धाकटी नियमाप्रमाणे म्हणाली.

"घरी कोण असतं?"

"माझं काय घेऊन बसलात! तुमचं सांगा."

कोटातल्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. घरच्यांविषयी विचारल्यावर एखादी बाई विषय बदलते, तेव्हा ऐकणारी जे समजते, तेच त्या समजल्या.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. येताना कागदात गुंडाळून केकचा तुकडा आणला होता. त्यानंतर लोकरीचे हातमोजे आले. पाळकांचा आनंद गगनात मावेना. "धाकट्या बाई, तुमच्या खुर्चीला फळ आलं!" चहाच्या वेळीही विखरूनच उभं राहायचं असल्यामुळे वायरमन एका कोपऱ्यात, लेक दुसऱ्या. बाई चहा पिऊन निघून जात, आणि मग घरची तिघं मिळून खुर्च्या आवरत.

घोटाळा धाकटीला कळला तो हिवाळ्याच्या मध्यावर. ती लाँड्रीत शिवणकाम करते, एवढं बाईंना बोलता बोलता कळलं होतं. बाई एकाएकी म्हणाल्या, "नवऱ्याने टाकलं असेल तर टाकू दे. तू काय कुणाच्या जिवावर जगतेस? हातात कला आहे तुझ्या."

सांगायची वेळ हीच होती. धाकटीने तोंड उघडलंही. पण बाई तिच्या गळ्यातला स्कार्फ नीट खोचत होत्या, आणि खोचता खोचता म्हणाल्या, "तोंड मीट, वारा लागेल." अगदी थोरल्या बहिणीसारख्या. तसाच करडा आवाज, तसंच घाईघाईने खोचणं. धाकटीने तोंड मिटलं. त्या परक्या शहरात तिच्या गळ्याला वारा लागेल याची काळजी करणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा जिवापाड प्रेम करायचा, पण त्याला स्कार्फ दिसायचा नाही.

लेकीला मात्र ते टोचलं. "मम्मी, त्या बाईंना मी तुझी मुलगी आहे हे माहीत नाही का?"

"सांगेन गं."

"मग सांग ना," लेक म्हणाली, आणि त्या रविवारनंतर तिने आरशातून जीभ दाखवणं बंद केलं. धाकटीला ते लागलं. तरी ती पुढच्या रविवारी गप्पच बसली. सांगितलं तर बाई येणार नाहीत, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती.

थंडी ओसरली तशी बाईंनी कोट काढून तिच्या हातात दिला. "अस्तर पार गेलंय. बघ काही होतंय का." दुकानाच्या रिवाजाप्रमाणे धाकटीने पत्ता विचारून चिठ्ठी कॉलरला टाचली आणि कोट मागच्या खोलीत खुंटीवर अडकवला. अस्तर तिने सावकाश लावलं, हातशिलाईने, बारीक टाक्यांत. बहिणीच्या कोटाला लावावं तसं.

आणि मग तो रविवार उजाडला. बाई एकट्या आल्या नाहीत. सोबत एक उंच, संकोचलेला माणूस होता. कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले.

"हा माझा चुलत दीर. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, गाडी चालवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कसलं व्यसन नाही."

धाकटीची नजर खाली गेली, तर त्याच्या पँटीची दुमड तिनेच मागच्या आठवड्यात घातलेली. तो माणूस तिच्या बाजूला बसला. समोर पाळकांनी दोन नवे चेहरे पाहिले आणि त्यांच्या आवाजाला जोर चढला. स्पीकरजवळ बसलेल्या वायरमनने आरशात पाहिलं, बायकोशेजारी नवीन माणूस दिसला, आणि आनंदाने त्याने अंगठा उंचावून दाखवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं.

उपासना संपल्यावर बाई तिच्या कानाशी लागल्या. "घाई नाही. पण विचार कर. किती दिवस अशी एकटी राहशील?"

"बाई, मला नवरा आहे."

"आहे म्हणजे? कुठे?"

धाकटीने आरशाकडे बोट केलं. आरशात वायरमन कोपराला वायर गुंडाळत होता.

"तो वायरवाला?"

"हो. आणि ती खुर्च्या उचलतेय ना, ती माझी लेक."

आधी कळलं ते दिराला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "वहिनी, मी गाडीत बसतो," एवढं पुटपुटून तो सटकला.

बाई आरशाकडेच बघत राहिल्या. "नवरा इथेच. लेक इथेच. मग तू दर रविवारी एकटी का बसायचीस?"

"नवीन माणसाला सोबत व्हावी म्हणून. आमचा नियम आहे तसा."

"म्हणजे तू माझ्या सोबतीला बसलेलीस."

धाकटीने मान हलवली.

"आणि मी तुझ्यासाठी येत होते. देवाधर्माचं मला काही कळत नाही. म्हटलं, पोर एकटी आहे, आपण गेलो नाही तर तिच्याशी कोण बोलणार." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "म्हणजे एकटी मीच होते तर."

त्या गेल्या. केकचा कागद खुर्चीवर तसाच राहिला.

त्या दुपारी धाकटीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, अगदी पोट धरून हसला, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने हसू आवरलं. संध्याकाळी तो पाळकांकडे जाऊन आला. पुढच्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं, की आजपासून ज्याने त्याने आपल्या माणसांत बसावं. तिघं पहिल्यांदा शेजारी शेजारी बसली. नवऱ्याचा कोपर तिच्या कोपराला लागत होता, लेकीने डोकं खांद्यावर टाकलं होतं. इतके महिने धाकटीने हेच मागितलं होतं. आणि आता ते मिळाल्यावर ती आरशात दाराजवळची रिकामी खुर्ची बघत होती.

"आपण त्यांना भेटायला जाऊ," चहाच्या वेळी पाळक म्हणाले. "मी आणि पाळकीणबाई. चर्चतर्फे."

"नको," धाकटी म्हणाली. आयुष्यात पाळकांना नको म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. "कोट माझ्याकडे आहे. मीच जाईन."

मंगळवारी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी असे. कोट हातावर घेऊन, गळ्यात सवयीने स्कार्फ गुंडाळून ती निघाली. दोनदा रस्ता चुकली, दोनदा "तुम्ही कुठल्या?" ऐकून घेतलं आणि शेवटी एका जुन्या इमारतीचे जिने चढून एका दारापुढे उभी राहिली. दार उघडायला वेळ लागला. बाई घरच्या कपड्यांत कोटातल्यापेक्षा फार लहान दिसत होत्या.

"कशाला आलीस? चर्चने पाठवलं?"

"नाही. आज मंगळवार आहे."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"त्यांना सांगून आलेय, मैत्रिणीकडे जातेय म्हणून."

बाईंनी कोट घेतला, उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवलं. टाके शोधत राहिल्या. ते सहजी सापडणारे नव्हते. मग त्या दारातून बाजूला झाल्या.

खोलीत एक टेबल होतं, एक कप पालथा घातलेला आणि एकच खुर्ची. बाईंनी ती खुर्ची तिच्यापुढे सरकवली. धाकटी बसली नाही. तिने ती पुन्हा टेबलाखाली ढकलली आणि पलंगाच्या कडेवर जाऊन बसली. बाई येऊन तिच्याशेजारी टेकल्या.

"इतके महिने शेजारी बसलीस, पण कामापलीकडे स्वतःविषयी एक शब्द सांगितला नाहीस," त्या म्हणाल्या. "मीच आपली मनाने रचत बसले."

"सांगू का आता?"

"सांग की."

"आम्ही चार बहिणी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "मला धाकटी म्हणतात."

"मग रडतेस कशाला, धाकटे?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचा स्कार्फ नीट खोचला.