दाराखालचा पत्रा

आमची गाडी एमओटीत, म्हणजे इंग्लंडातल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीत, नापास झाली ती गंजापायी. इंजिन ठणठणीत, ब्रेक उत्तम, पण पुढच्या दाराखालच्या पत्र्याला टेस्टरने बोट लावलं आणि ते आत गेलं. "नॉट वर्थ इट, मेट," तो म्हणाला. चौकाचौकात राउंडअबाउट असलेल्या आमच्या मिल्टन कीन्समधल्या आणखी दोन गॅरेजवाल्यांनी तेच सांगितलं, फक्त 'मेट' न म्हणता.

एरवी भंगारात दिली असती. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला या एकाच गाडीत बसता येतं. हिची सीट नेमकी तिच्या उंचीची. शेजाऱ्यांच्या गाडीत ती अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली होती. व्हीलचेअर टॅक्सीचं नाव काढलं तर म्हणाली, "मागून चढवायला मी काय फ्रिज आहे?" आणि तिला बेसिंगस्टोकला जायचं होतं. हॉस्पिटलच्या नोकरीतली तिची मैत्रीण तिथे मुलीकडे राहते. मैत्रिणीला हल्ली विसरायला होऊ लागलं होतं. "मला ओळखतेय तोवर एकदा भेटव," एवढंच आईचं मागणं.

तेव्हा मी ठरवलं, वेल्डिंग आपणच करायचं. लॅपटॉपपेक्षा जड काही न उचललेल्या माणसाचा हा निश्चय.

आता मशीन कुठलं घ्यायचं? साधा कुकर घेतानाही आई चार दुकानं पालथी घालायची आणि पुन्हा पहिल्यात यायची. मी तिचाच मुलगा. रॉडवालं मशीन फाटकांसाठी बरं, गाडीचा पातळ पत्रा ते जाळून टाकतं. टिग नावाच्या मशीनला दोन्ही हात आणि वर एक पाय लागतो, म्हणजे ते पायपेटी वाजवणाऱ्याचं काम. राहिलं मिग, ज्यात वेल्डिंगची तार आपोआप पुढे येते. त्यात गॅसचं की बिनगॅसचं? बिनगॅसचं स्वस्त, पण ठिणग्या फार आणि पत्रा तापतोही जास्त. गॅसचं नाजूक काम करतं, पण सिलिंडर सांभाळा. रोज एक व्हिडिओवाला मला पटायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. आई विचारायची, "घेतलंस का रे?" आणि लगेच म्हणायची, "नीट बघून घे हो, घाई नको." ऑक्टोबर संपला, हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे गेली. मी होतो तिथेच.

शेवटी गॅसचं मिग आलं. सराव कशावर करायचा? नाताळच्या चॉकलेटचा जुना पत्र्याचा डबा दिसला, ज्यात आमच्या चकल्या असतात. गाडीच्या पत्र्याहून तो कितीतरी पातळ, हे मला आधी सुचलं नाही. डब्याची चाळण झाली.

बायकोने तो उजेडाकडे धरला. "छान. आता यातून शेव पाड."

मग गाडी. नवा तुकडा लावायचा तर आधी गंज कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत. मी कापत गेलो. दारापासून मागच्या चाकापर्यंत आलो, तरी चांगला पत्रा लागेना. मग कळलं, कुठलंही मशीन घेतलं असतं तरी जोडायला काही उरलंच नव्हतं.

दुपारी आई वॉकर घेऊन घरच्या गॅरेजमध्ये आली. खालचं भगदाड पाहिलं. दार उघडून, कुणाचा हात न धरता, सीटवर बसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, तिने तो स्पीकरवर घेतला. मैत्रीणच. कुणी काय सांगितलं देव जाणे, पण आई आजच येतेय अशी तिची समजूत झाली होती.

"अगं, निघालीस का? भात टाकू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "टाक की," ती फोनवर म्हणाली आणि मला खुणेनं सांगितलं, सुरू कर.

वेल्डिंगसाठी सोडवलेली बॅटरीची वायर मी जोडली, गॅरेजचं दार पूर्ण उघडलं आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं. आईने फोन समोर धरला. "आला ना आवाज?"

"आला गं! कुठवर पोचलात?"

आई समोरच्या भिंतीवर टांगलेल्या शिडीकडे बघत राहिली.

"राउंडअबाउटपाशी," ती म्हणाली. "इथे ते संपतच नाहीत, माहितेय ना तुला."